झाकण उघडे का राहते?

केर उंबरठ्याबाहेर गेला की तो संपला, अशी आपणां बहुतेकांची समजूत असते. वस्तुतः तो संपत नाही. तो केवळ दृष्टीआड होतो. घरातील सुपलीतून तो डब्यात जातो, डब्यातून बाजाराच्या कोपऱ्यावरील चाकांच्या मोठ्या कचरापेटीत पडतो आणि तेथे गाडीची वाट पाहत राहतो. या वाट पाहण्याच्या काळात केर आणि गाव यांच्यामध्ये एकच पडदा असतो, आणि तो म्हणजे पेटीचे झाकण. कोकणीतला ‘कोयर’ आणि मराठीतला ‘केर’ हे शब्द ऐकताना एकाच घरची भावंडे वाटतात. पण त्या दोहोंना झाकणारी ही वस्तू मात्र दोन्ही भाषांत सारखीच उपेक्षित राहिली आहे. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही या सामान्य वस्तूचाच विचार करण्याचे योजिले आहे.

आमच्या शाळेच्या मागील रस्त्यावर अशी एक पोलादी पेटी उभी असते. ‘झाकण बंद ठेवावे’ अशी मोठी अक्षरे तिच्यावर रंगविलेली आहेत. तथापि झाकण सदैव पाठीमागे उलटे लोंबत असे. कावळे, कुत्री आणि मोकाट गुरे यांचा तेथे दिवसभर राबता असे. आम्ही वर्गात या विषयावर निबंध लिहावयास सांगितला, तेव्हा बहुतेक विद्यार्थ्यांनी लोकांच्या बेशिस्तीवर कडक ताशेरे झाडले. त्यांचा तो कडकपणा आमच्याच शिकवणुकीचा होता हे आम्हांस मान्य केले पाहिजे. पुढे एके दिवशी ती पेटी रिकामी करणाऱ्या बाईंना आम्ही सहज विचारले, तेव्हा त्यांनी काही न बोलता आपला उजवा हात पुढे केला. दोन बोटांची नखे काळीनिळी पडली होती. झाकण उचलताना ते निसटले आणि बोटांवर आले; तेव्हापासून आपणच ते मागे टाकून ठेवतो, असे त्यांनी शांतपणे सांगितले. आम्ही ज्यास बेशिस्त म्हणत होतो, ती एका कष्टकरी बाईने आपल्या हाताच्या रक्षणासाठी केलेली तजवीज होती. दोष माणसाचा नव्हता. दोष झाकणाचा होता.

झाकणाचा आग्रह काही आजचा नव्हे. पॅरिस शहर ज्या सेन विभागात मोडत असे, त्याचे प्रशासक यूजेन पूबेल यांनी १८८३ च्या नोव्हेंबरात असा हुकूम काढला, की प्रत्येक घरमालकाने भाडेकऱ्यांसाठी झाकणाची भांडी ठेवावीत व केर रस्त्यावर न टाकता त्यांत टाकावा. ही भांडी ४० ते १२० लिटर मापाची असावयाची होती. केर वेचून पोट भरणाऱ्या लोकांनी या हुकुमास विरोध केला, कारण झाकणाखाली त्यांची उपजीविकाच झाकली जात होती. हुकूम मात्र टिकला, इतका की फ्रेंच भाषेत कचरापेटीला आजही ‘पूबेल’ असेच म्हणतात. पुढे १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेतील नॉक्सव्हिल शहरी जॉर्ज डेम्पस्टर यांनी यंत्राच्या साहाय्याने गाडीवर उचलली जाणारी मोठी पेटी प्रचारात आणली. ‘डम्पस्टर’ हा शब्द त्यांच्याच नावावरून आला. आज युरोपात चार चाकांच्या पेट्यांसाठी १३०० लिटर मापापर्यंतचे मानक ठरलेले आहे. आपल्याकडील शहरांतही ११०० लिटरची पेटी परिचयाची झाली आहे. पेटी वाढली तसे झाकणही वाढले, आणि झाकणाबरोबर त्याचे संकटही वाढले.

हे संकट नेमके किती, हे गणिताने पाहू. समजा, पेटीचे तोंड १.२ मीटर लांब व १ मीटर रुंद आहे आणि झाकण २ मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्याचे आहे. १ घनमीटर पोलादाचे वजन सुमारे ७८५० किलो असते. या हिशेबाने झाकणाचे वजन सुमारे १९ किलो येते. दुमडलेल्या कडा व मूठ धरून आपण ते २० किलो समजू. झाकण मागील कडेला बिजागरीवर बसविलेले असते. म्हणजे ती एक तरफच होय. बिजागरी हा तिचा टेकू. झाकणाचा भार त्याच्या मध्यावर, म्हणजे टेकूपासून ५० सेंटिमीटरवर आहे असे मानता येते. आणि आपला हात पुढच्या कडेला, म्हणजे १०० सेंटिमीटरवर असतो. भार आणि भारभुजा यांचा गुणाकार बल आणि बलभुजा यांच्या गुणाकाराइतका असावा लागतो, हा तरफेचा नियम आठव्या-नववीतील विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. त्यावरून हाताला १० किलोंचा भार उचलावा लागतो. दोन्ही हातांनी तो उचलणे कठीण नाही. पण कचरा टाकणाऱ्याच्या एका हातात बादली असते, आणि आठ-दहा वर्षांच्या मुलाला तर एका हाताने १० किलो पेलणे जवळजवळ अशक्यच.

विद्यार्थिमित्रहो, हा नियम तुम्हांस घरीच पडताळून पाहता येईल. बिजागरीचे झाकण असलेली एखादी लाकडी पेटी घ्या. ताणकाट्याचा आकडा प्रथम झाकणाच्या पुढील कडेस अडकवून ते किंचित उचला व काट्यावरील आकडा पाहा. नंतर झाकणाच्या मध्यावर दोरा बांधून तेच करा. दुसऱ्या वेळी काटा सुमारे दुप्पट भार दाखवील. मूठ जितकी बिजागरीपासून दूर, तितका हात हलका, हा पहिला धडा. झाकणाची मूठ मध्याकडे बसविलेली आढळली, तर ती बसविणाऱ्याने तरफेचा नियम विचारात घेतला नाही असे खुशाल समजावे.

झाकण वर जाऊ लागले की ते हलके होत जाते, कारण त्याचा गुरुत्वमध्य बिजागरीच्या अधिकाधिक जवळच्या उभ्या रेषेत येतो. साठ अंशांवर हाताचा भार निम्मा होतो आणि झाकण अगदी उभे झाले म्हणजे तो शून्य होतो. येथेच खरी मेख आहे. उभ्या स्थितीपासून ते केसभर जरी मागे झुकले, तरी गुरुत्वाकर्षण त्याला मागे ओढते व ते धाडकन उलटते. ते परत मिटवावयाचे तर पेटीच्या पाठीमागे जाऊन पुन्हा तितकाच भार उचलला पाहिजे. पाठीमागे बहुधा भिंत असते किंवा गटार. मग ते मिटवणार कोण? उलट, झाकण उभ्या स्थितीतून पुढे निसटले तर काय होते, हेही पाहण्यासारखे आहे. १ मीटर रुंदीचे झाकण उभ्या स्थितीतून आडवे होईपर्यंत पुढच्या कडेचा वेग सेकंदाला जवळजवळ साडेपाच मीटर, म्हणजे ताशी सुमारे २० किलोमीटर होतो. वेगात निघालेल्या सायकलीच्या या वेगाने पत्र्याची कड बोटांवर आली, तर नखे काळीनिळी पडावीत यात आश्चर्य ते काय!

झाकण उघडे राहिल्याने काय बिघडते, असे कोणी विचारील. एकट्या पावसाचाच हिशेब घ्या. १ चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १ लिटर पाणी होते. आमच्या पेटीचे तोंड १.२ चौरस मीटर आहे. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला, आणि आमच्याकडे आषाढात तो होतोच, तर उघड्या पेटीत १२० लिटर पाणी, म्हणजे १२० किलोंचे ओझे, साचते. गोव्याच्या किनाऱ्यावर वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. हे पाणी कुजक्या केरातून झिरपून काळे होऊन रस्त्यावर येते, गटारात जाते, आणि गटारातून कोठे जाते हे नदीकाठच्या लोकांस सांगावयास नको. दुसरी गोष्ट माश्यांची. उष्ण हवेत घरमाशीची अंडी एका दिवसाच्या आत फुटतात आणि साधारण सात ते दहा दिवसांत अंड्याची माशी होते. झाकण बंद आणि गाडी वेळेवर, या दोन गोष्टी साधल्या तर ही साखळी मध्येच तुटते. एक जरी चुकली तरी पुढच्या आठवड्यात बाजारातील मिठाईवर तिचा हिशेब बसलेला दिसतो. तिसरी गोष्ट उंदरांची. त्यांच्या मूत्राने दूषित झालेल्या पावसाच्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस हा ज्वर पसरतो, आणि उघडी पेटी म्हणजे उंदरांना मांडलेले पानच होय. प्लास्टिकच्या पिशव्या गिळणाऱ्या गाईंविषयी वेगळे लिहिण्याची आवश्यकता नाही.

आता सुधारणांकडे वळू. पहिली आणि सर्वांत स्वस्त सुधारणा आपल्या आजीच्या पेटाऱ्यात दिसते. पेटाऱ्याचे झाकण मागे पडू नये म्हणून आत एक लहानशी साखळी लावलेली असते. तशीच साखळी अथवा अडसर लावून झाकण ऐंशी अंशांपर्यंतच उघडू दिले, तर ते उभ्या रेषेपलीकडे जात नाही आणि हात सुटताच आपोआप मिटते. कोणी म्हणेल, मग गाडीवर उलटताना केर पडणार कसा? याचे उत्तर मौजेचे आहे. गाडीचे यंत्र पेटीला पुढच्या बाजूने धरून सुमारे १३५ अंशांतून उलटे करते. पेटी ९० अंशांतून कलली म्हणजे तिचे तोंड उभे होते व बिजागरी वरच्या बाजूस येते. त्यापुढे झाकण नुसते सरळ खाली लोंबत राहते. म्हणजे पेटीच्या तोंडापासून ते केवळ ४५ अंशांनीच उघडते. ऐंशी अंशांवरची साखळी त्यास मुळीच आड येत नाही.

परंतु साखळीने एक प्रश्न सुटतो आणि दुसरा उभा राहतो. आपोआप मिटणारे झाकण आपोआप बोटांवरही येते. म्हणून दुसरी सुधारणा वजनाची. झाकणाचे दोन भाग करून प्रत्येकास स्वतंत्र बिजागऱ्या दिल्या, तर हाताला १० ऐवजी ५ किलो उचलावे लागतात. पोलादाऐवजी ४ मिलिमीटर जाडीचे दाट पॉलिथिनचे झाकण केले, तर सगळे झाकणच साडेचार किलोंच्या आसपास भरते व हाताला सव्वादोन किलो पुरतात. मात्र हे प्लास्टिक वाकते, म्हणून त्यास खालून शिरा द्याव्या लागतात. आणि उन्हातील अतिनील किरणांनी ते ठिसूळ होते, म्हणून त्यात काजळी किंवा तत्सम रक्षक द्रव्य मिसळावे लागते.

तिसरी सुधारणा प्रतिभाराची. जुन्या विहिरींवर एका टोकाला दगड बांधलेला लांब दांडा असे. दगडाच्या भाराने भरलेली घागर सहज वर येई. तीच युक्ती येथे चालते. बिजागरीच्या मागे २० सेंटिमीटरवर ३० किलोंचा लोखंडी ठोकळा बसविला, तर झाकणाच्या २० गुणिले ५०, म्हणजे १००० मधून ठोकळ्याचे ३० गुणिले २०, म्हणजे ६०० वजा होतात. उरलेल्या ४०० ला हाताच्या १०० सेंटिमीटर अंतराने भागले की ४ किलो येतात. १० किलोंचे ४ किलो झाले. शिवाय झाकण पडतानाचा कडेचा वेगही साडेपाचावरून सुमारे सव्वातीन मीटरवर येतो. ठोकळा आणखी जड करून भार शून्यावर आणण्याचा मोह मात्र टाळावा. कारण अगदी समतोल झालेले झाकण जेथे ठेवावे तेथेच राहते, आपण होऊन मिटत नाही. मिटण्यापुरते वजन त्यात उरलेच पाहिजे. ठोकळ्याऐवजी पिळाची स्प्रिंग किंवा मोटारीच्या मागील दारास असते तशी वायूची नळी वापरता येते. या नळीत दाबलेला नायट्रोजन वायू भार उचलण्यास मदत करतो आणि थोडे तेल झाकणाची गती मंदावते, त्यामुळे ते हळुवार मिटते. तिची किंमत अधिक असते व खाऱ्या हवेत तिचा दांडा गंजून वायू निसटू लागतो, हे तिचे उणेपण.

कित्येकांना वाटते की पायाने दाबण्याची पट्टी बसविली म्हणजे काम झाले. येथेही गणिताने सावध केले पाहिजे. २० किलोंच्या झाकणाचा गुरुत्वमध्य ५० सेंटिमीटर वर न्यावयाचा, आणि पाय खाली जाणार जेमतेम १५ सेंटिमीटर. कार्य वाचत नाही. अंतर कमी केले की बल वाढते. १००० भागिले १५ म्हणजे सरासरी सुमारे ६७ किलोंचा दाब पायाने द्यावा लागेल. हे तर सबंध माणसाचे वजन झाले! आधी प्रतिभार बसविला तर हाच दाब सुमारे २७ किलोंवर येतो आणि हलक्या प्लास्टिकच्या झाकणाला १५ किलो पुरतात. तेव्हा पायपट्टी ही शेवटची पायरी आहे, पहिली नव्हे.

चौथी सुधारणा आम्हांस सर्वांत शहाणपणाची वाटते. बादलीभर केर टाकण्यासाठी सबंध झाकण उघडावेच कशाला? मोठ्या झाकणात ४० बाय ५० सेंटिमीटरची एक लहान झडप ठेवावी. त्याच पत्र्याची ही झडप सुमारे ३ किलोंची होते, आणि ती उचलण्यास दीड किलोचे बल पुरते. शाळकरी मूलही ती एका हाताने उचलील. मोठे झाकण फक्त सफाई कामगारांनी, तेही गाडी आल्यावर उघडावे.

पाचवी गोष्ट बिजागरीची स्वतःची. समुद्राजवळच्या हवेत साध्या लोखंडाची खीळ आणि तिचे नळकांडे गंजून एकमेकांना चिकटतात; मग झाकण ओढावे तेव्हा खीळ न फिरता पत्राच फाटतो. त्यासाठी न गंजणाऱ्या पोलादाची खीळ, तिच्याभोवती प्लास्टिकची पातळ नळी आणि पाणी साचू नये म्हणून खाली एक छिद्र, एवढे पुरे. झाकण मध्ये किंचित फुगीर असावे, म्हणजे पाणी ओघळून जाईल. आणि त्याची कड ३-४ सेंटिमीटर खाली वळलेली असावी, म्हणजे वारा पाऊस आत लोटणार नाही. पुढच्या कडेखाली रबराच्या दोन गुटख्या बसविल्या, तर कड आणि पेटी यांच्यामध्ये बोटापुरती फट राहते. उंदीर शिरण्याइतकी ती मोठी नसावी म्हणून खाली वळलेली कड तिला बाहेरून झाकते.

बंद झाकणालाही शत्रू असतात. ऑस्ट्रेलियातील सिडनी शहराच्या दक्षिण भागात तुऱ्याचे पांढरे काकाकुवे चोचीने पेट्यांची झाकणे उचलून, कडेकडेने चालत जाऊन ती मागे उलटवतात. २०१८ पूर्वी ही विद्या तीन उपनगरांतच आढळली होती; २०१९ अखेर ती ४४ उपनगरांत पोहोचली. पक्षी ती एकमेकांचे पाहून शिकतात, असे शास्त्रज्ञांनी २०२१ साली प्रसिद्ध केले. लोकांनी झाकणांवर विटा ठेवल्या, तर पक्ष्यांनी त्या ढकलून दिल्या; मग कोणी बिजागरीत जुने बूट खुपसले, कोणी पाण्याच्या बाटल्या बांधल्या. कुलूप लावावे तर गाडीवर पेटी उलटताना झाकण उघडले पाहिजे ही अट आडवी येते. त्यावरचा तोडगा म्हणजे गुरुत्वाकर्षणाने उघडणारी कडी: पेटी उभी असताना तिच्यातील वजन कडी धरून ठेवते, आणि पेटी उलटताच तेच वजन घसरून कडी सोडते. अमेरिकेत अस्वलांच्या प्रदेशांत कडी एका अरुंद खोबणीत लपविलेली असते. माणसाची बोटे तेथे जातात, अस्वलाचा पंजा जात नाही. आपल्याकडे गाईचे मुस्कट आणि कुत्र्याचा पंजा यांना साधी कडीही पुरेशी होते.

या सर्व विवेचनातून एक गोष्ट ध्यानात येते. झाकण हलके हवे, पण वाऱ्याने उडता कामा नये. आपोआप मिटावे, पण बोटांवर पडू नये. जनावरांस बंद, पण गाडीस उघडे असावे. एक गुण वाढवावा तर दुसरा उणा होतो. या ओढाताणीत मधला मार्ग शोधणे हेच शिल्पज्ञाचे काम होय, आणि तो शोधताना त्याने सर्वांत आधी त्या वस्तूला रोज हात लावणाऱ्या माणसास विचारले पाहिजे.

आमच्या विद्यार्थ्यांनी वरील हिशेब एका कागदावर मांडला व पेटी ज्यांच्या ताब्यात आहे त्यांच्याकडे अर्ज केला. त्याचे उत्तर हा लेख लिहीपर्यंत आलेले नाही. परंतु शाळेच्या आवारातील आमची स्वतःची लहान पेटी होती. गावातील वेल्डरकडून तिला साखळी, रबराच्या गुटख्या आणि अगदी पुढच्या कडेला एक लांब मूठ बसवून घेतली. एवढ्याशा कामाने ती पेटी आता मिटलेली असते, आणि ‘बंद ठेवावे’ असे तिच्यावर लिहावे लागलेले नाही. हातात खराटा घेऊन गावे झाडणाऱ्या गाडगेबाबांनी स्वच्छतेचा उपदेश आधी हातांनी केला आणि मग तोंडाने. निबंधात लोकांस दोष देण्यापूर्वी आम्हीही झाकण एकदा स्वतः उचलून पाहावयास हवे होते, एवढे मात्र त्या काळ्यानिळ्या नखांनी आम्हांस कायमचे शिकविले आहे.